मदत हवी आहे: मिठामुळे चढणारा रक्तदाब, जाड झालेली हृदयाची भिंत आणि आर्जिनिनची पावडर

माझे वडील ६८ वर्षांचे असून मालवणजवळच्या गावी राहतात. गेली अकरा वर्षे त्यांना उच्च रक्तदाब आहे आणि रोज टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे. एरवी वरचा आकडा १३५ च्या आसपास असतो. परंतु पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की घरात खारे बांगडे निघतात, त्यांच्याशिवाय सकाळची पेज वडिलांच्या घशाखाली उतरत नाही, आणि मग तोच आकडा १५५ ते १६० वर जातो. तीन वर्षांच्या वहीत हे दर वर्षी दिसते. गेल्या महिन्यातील इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगले आहे, मात्र डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत थोडी जाड झालेली आढळली.

माझ्या चुलतभावाने व्यायामशाळेतून एल-आर्जिनिनच्या पावडरीचा डबा आणून दिला आहे. हे अमिनो आम्ल रक्तवाहिन्या सैल करते आणि अन्नातलेच असल्यामुळे त्याचा अपाय नाही, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचा हेतू चांगला आहे, म्हणून मी ते उडवून न लावता वाचन केले.

आर्जिनिनपासून रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्याने वाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर टाकायला मदत होते, इथपर्यंत समजले. लुईस डाल यांनी अमेरिकेत मिठाने रक्तदाब चढणारे उंदीर पैदास करून वेगळे काढले होते. त्या वाणाच्या उंदरांना खारट आहारासोबत आर्जिनिन दिले तेव्हा रक्तदाब चढला नाही, असे १९९१ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्याच प्रयोगात, उपजतच उच्च रक्तदाब असणाऱ्या दुसऱ्या वाणाच्या उंदरांना त्याचा उपयोग झाला नाही. वडिलांचा रक्तदाब यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे केवळ माझ्या वहीवरून ठरवता येईल का? की दोन्ही कारणे एकत्र असू शकतात?

मला खरी भीती वाटली ती २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीमुळे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधांसोबत आर्जिनिन, तर इतरांना निष्क्रिय पावडर दिली होती. आर्जिनिनच्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात कोणीही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. वडिलांना झटका आलेला नाही, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही हे मला कळते. तरीही ‘अपाय नाही’ या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

दुसरी अडचण पोटॅशियमची आहे. ताज्या रक्ततपासणीत ते ४.९, म्हणजे वरच्या मर्यादेजवळ, आले आहे आणि टेल्मिसार्टनने ते वाढू शकते. त्यामुळे दुकानदाराने सुचवलेले कमी सोडियमचे मीठही मी आणलेले नाही, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. आर्जिनिन हायड्रोक्लोराइडनेही पोटॅशियम चढू शकते असे वाचले. या गोळीसोबत आर्जिनिन घेतलेले कोणी येथे आहे का, आणि त्यांच्या डॉक्टरांनी कोणत्या तपासण्या करायला सांगितल्या?

शेंगदाणे, तीळ आणि मासळी यांतून आर्जिनिन पोटात जातेच. मग पावडरीऐवजी बांगड्यातले मीठच कमी करणे अधिक शहाणपणाचे नाही का, असे मला राहून राहून वाटते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि आमच्या घरी ती न्याहारीतच ओलांडली जात असावी. खारा बांगडा किती वेळ व किती पाण्यांत भिजवल्यास मीठ पुरेसे उतरते आणि चव राहते, हे कोकणातील सुगरणींनी कृपया सांगावे. वडील मासळी सोडणार नाहीत, आणि ती सोडायला लावण्याची माझीही इच्छा नाही.

डब्याचे सील अद्याप फोडलेले नाही. हृदयरोगतज्ज्ञांची भेट १४ तारखेला आहे; त्यापूर्वी जाणकारांनी लिहिले, तर त्यांना नेमके काय विचारायचे ते मला कागदावर उतरवून नेता येईल.