८ जीबी, ५१२ एसएसडी, फुल एचडी: स्टिकर एकच, मग किमतीत सात हजारांचा फरक कशाचा?

हळदपेठ (सांगली)

मुलीला इथंच सिव्हिल इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आहे. पहिल्या वर्षी नकाशे काढायचं ऑटोकॅड, पुढे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं रेव्हिट आणि बांधकामाच्या मजबुतीचं गणित करणारं स्टाड प्रो लागतं असं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. बजेट ६० हजारांपर्यंत. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. दोन्हींवर '८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंच फुल एचडी' हेच लिहिलंय. एकात रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात आय५-१३३४यू आणि तो सात हजारांनी महाग. "दोन्ही एकच, स्वस्तातला घ्या" असं दुकानदार म्हणतात. तिसरा ४ जीबी ग्राफिक्स कार्डचा आहे, पण तो बजेटबाहेर जातोय. चार वर्षं चालायला हवा. नक्की काय बघून ठरवायचं?

कृष्णाकाठ

दोन्ही एक नाहीत, आणि या कामासाठी तर अजिबातच नाहीत.

रायझनच्या ७००० मालिकेत चार अंकांमधला तिसरा अंक बघायचा. ७५२०यू मधला २ म्हणजे आतली रचना झेन २, जी बाजारात २०१९ मध्ये आली. पहिला ७ बघून माणूस नवीन समजतो. यात कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चारच. त्याच्या शेजारीच ठेवलेल्या ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर असतात. 'रायझन ५' हे नाव दोन्हींवर सारखंच. हा तिसऱ्या अंकाचा नियम ७००० आणि ८००० मालिकेपुरता आहे, ५००० ला लावू नका.

आय५-१३३४यू मध्ये दहा कोअर आहेत, पण त्यातले दोनच जोरकस, बाकीचे आठ वीज वाचवणारे. तरी ऑटोकॅडला चालेल, कारण ऑटोकॅड बहुतेक काम एकाच कोअरवर करतं. तिथे कोअरची संख्या मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. शेवटच्या यू अक्षराचा अर्थ कमी वीज खाणारा, साधारण १५ वॉटचा. एच असेल तर ४५ वॉटच्या आसपास: वेग जास्त, पण उष्णता आणि पंख्याचा आवाजही जास्त, बॅटरी लवकर उतरते.

खरा निकाल रॅमवर, म्हणजे स्टिकरवरच्या त्या '८ जीबी'वर लागतो. ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. आज ८ घेतली तर चौथ्या वर्षीही ८च. अलीकडच्या रेव्हिटला किमान १६ जीबी लागते. म्हणजे तो लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच अडणार. स्वस्त असला तरी सोडा.

१३३४यू वाल्यातही डोळे झाकून घेऊ नका. त्याच प्रोसेसरवर तीन तऱ्हा मिळतात: सगळी रॅम सोल्डर केलेली, थोडी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा, किंवा दोन स्लॉट आणि त्यात एकच स्टिक (काढता-घालता येणारी रॅमची पट्टी). शेवटचे दोन प्रकार चालतील. मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी ८ घातली की १६ होते, शिवाय ड्युअल चॅनल (रॅमकडे एकाच वेळी दोन वाटा) सुरू होतं. या इंटेल प्रोसेसरमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स एकाच स्टिकवर असताना नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसतं आणि तसंच हळू चालतं. दुसरी स्टिक बसवली की थ्रीडी मॉडेल फिरवताना फरक कळतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे दोन प्रकार एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, हे आधी बघून घ्या.

मिरज_जंक्शन

ग्राफिक्स कार्डचं सांगतो. टूडी ऑटोकॅडला वेगळं कार्ड लागत नाही. स्टाड प्रोचं गणित प्रोसेसर आणि रॅमवर होतं. रेव्हिटमध्ये मोठं मॉडेल फिरवताना थोडी मदत होते, इतकंच. कार्डचा खरा उपयोग लुमियन, ट्विनमोशन अशा रेंडरिंगला (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवायला), आणि तिथे ४ जीबी लवकर अपुरं पडतं. त्यासाठी बजेट ताणू नका. वजन सव्वादोन किलोच्या पुढे जातं, सोबत विटेएवढा चार्जर, आणि वर्गात बॅटरी दोन-तीन तासांत संपते.

घ्यायचंच ठरलं तर कार्डच्या नावावर जाऊ नका, त्याला किती वॉट दिलेत ते विचारा. एकच आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ३५ पासून ८० वॉटपर्यंत मिळतं. ३५ वॉटचं आणि ८० वॉटचं काम सारखं होत नाही, स्टिकर मात्र एकच.

कृष्णाकाठ

सहमत. आर्किटेक्चरचा कोर्स असता तर माझं मत उलटं असतं. सिव्हिलला १६ जीबी आधी, कार्ड नंतर.

तासगाव_रोड

स्क्रीनबद्दल कुणी बोललं नाही. 'फुल एचडी' एवढ्यावरून काही कळत नाही. माहितीपत्रकात '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' (निट्स म्हणजे उजेडाचं माप, एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची मापं) असेल तर तो सर्वांत स्वस्त पॅनल: रंग फिके, आणि दिवसा खिडकीजवळ बसलं तर ऑटोकॅडच्या काळ्या पडद्यावरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. ३०० निट्स आणि '१०० टक्के एसआरजीबी' मिळालं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारं) असू द्या. दुकानात बाजूने आणि वरून बघा. काळा रंग राखाडी होत असेल किंवा रंग उलटे दिसत असतील तर तो टीएन, म्हणजे हलक्या प्रकारचा पॅनल.

बॅटरीचे तास वाचू नका, वॉट-अवर (बॅटरीत मावणारी वीज) वाचा. ४२ वॉट-अवर आणि साध्या कामाला ८ ते १० वॉट, म्हणजे चार-पाच तास. जाहिरातीतले अकरा तास उजेड कमी करून व्हिडिओ चालवून मोजलेले असतात.

टाइप-सी पोर्टचंही तसंच. काही फक्त डेटाचे, काही चार्जिंग घेतात, काही बाहेरच्या स्क्रीनलाही चालतात. भोक दिसायला एकच. पोर्टशेजारची खूण बघा, नाहीतर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा.

हळदपेठ

खूप उपयोगी. मग रायझनवाला रद्द. आता दुकानात पैसे देण्याआधी काय तपासायचं ते सांगा. आणि दुकानदार म्हणतात विंडोज, ऑफिस सगळं तेच चालू करून देतील.

कृष्णाकाठ

त्यांना चालू करू देऊ नका. मुलीचा स्वतःचा, कायम राहणारा ईमेल वापरा, कॉलेजचा नको. सोबत आलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर चालू होतं त्यालाच बांधलं जातं. दुसरं त्याहून मोठं: विंडोज ११ डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करतं आणि तिची रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये ठेवतं. पुढे बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर मशीन ती ४८ अंकी की मागतं. ती दुकानदाराच्या अकाउंटमध्ये असेल तर सगळ्या फाइल गेल्या.

तपासणी अशी. खोक्यावरचा सिरीयल नंबर, मशीनच्या खालचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवा. सुरू झाल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर स्टिक आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर. एसएसडी ५१२ ऐवजी ४७६ दिसली तर घाबरू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यात फसवणूक नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून स्लॅश, लगेच 'बॅटरीरिपोर्ट', इंग्रजी अक्षरांत. तयार झालेल्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी जवळजवळ सारख्या हव्यात. फुल चार्ज बरीच कमी किंवा सायकल काउंट (बॅटरी किती वेळा चार्ज झाली) मोठा दिसला तर तो डेमोसाठी ठेवलेला पीस आहे.

विंडोज 'एस मोड' मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम चालू देणाऱ्या) असेल तर ऑटोकॅड बसणारच नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत जाता येत नाही. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, दरवर्षी नूतनीकरण करायचं. क्रॅक कॉपी घालून देतो म्हणाले तर नको म्हणा, त्यातूनच व्हायरस येतात.

मिरज_जंक्शन

दोन गोष्टी राहिल्या. चार्जर तीन पिनांचा असेल तर अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. अर्थिंग नसेल तर मेटल बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि चार्जिंगवर टचपॅडचा कर्सर उड्या मारतो. लोक टचपॅड बिघडला समजून सर्व्हिसला नेतात.

आणि वॉरंटी 'ऑनसाइट' (माणूस घरी येतो) की 'कॅरी-इन' (मशीन आपण न्यायचं) ते लेखी घ्या. कंपनीच्या साइटवर ४१६४१६ पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर सांगलीत दाखवतंय की कोल्हापूर-पुण्याला, ते बिलाआधी बघा. वाढवलेली ८ जीबी स्टिक अधिकृत सेंटरकडूनच बसवून घ्या आणि जीएसटी बिलावर तिची वेगळी ओळ करून घ्या, कारण तिची वॉरंटी लॅपटॉपपेक्षा वेगळी असते.

हळदपेठ

उद्या १३३४यू वाल्याचा मेमरीचा पडदा बघून इथे टाकते. सोल्डर निघाला तर सरळ १६ जीबीचं मॉडेल मागते.