महागडी लेदर बॅग: व्हेज टॅन, क्रोम टॅन की ‘व्हेगन’?

कोरा_कागद:
रोज वापरायला एक चांगली बॅग घ्यायची आहे, निदान पंधरा वर्षं चालावी अशी. एक ब्रँड म्हणतो व्हेज टॅन (वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं), म्हणून पर्यावरणपूरक. दुसरा म्हणतो क्रोम (क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं), पण टॅनरी, म्हणजे चामडं कमावणारा कारखाना, एलडब्ल्यूजी (लेदर वर्किंग ग्रुप) गोल्ड. तिसऱ्याचं निवडुंगापासूनचं ‘व्हेगन लेदर’. दुकानात उभ्याउभ्या नेमकं काय तपासावं? आणि न विकलेला माल हे लोक जाळतात, हे खरं का?

ड्रमवाला:
आधी टॅनिंगचं, म्हणजे कातडं कमावण्याचं, बघू. क्रोममध्ये कातडं आम्ल आणि मिठाच्या पाण्यात पीएच ३ च्या आसपास आणतात आणि ड्रममध्ये बेसिक क्रोमियम सल्फेट देतात, कातड्याच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के. ते आतपर्यंत मुरलं की थोडाथोडा सोडा घालून पीएच ४ च्या जवळ नेतात. तेव्हा क्रोम तंतूंना धरतो. इथे घाई केली की क्रोम वरच अडकतो, ग्रेन (चामड्याचा वरचा पृष्ठभाग) खरखरीत होतं आणि मधला थर कच्चा राहतो. म्हणून तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकतात. आकसला तर माल पुन्हा ड्रममध्ये.

साध्या पद्धतीत ६० ते ७० टक्केच क्रोम कातड्यात बसतो, उरलेला सांडपाण्यात जातो. तो परत मिळवणारी टॅनरी आणि नाल्यात सोडणारी टॅनरी, दोघींच्या मालावर ‘क्रोम’ एवढंच लिहिलेलं असतं. त्वचेला धोका मुख्यतः क्रोमियम ६ चा. युरोपीय संघात मे २०१५ पासून त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे.

व्हेज टॅनमध्ये चेस्टनट, क्वेब्राचो, मिमोसा, हिरडा यांचे अर्क. पारंपरिक हौदात काही आठवडे ते महिने लागतात. क्रोम नाही हे खरं, पण टॅनिन (अर्कातलं कमावणारं द्रव्य) भरपूर लागतं आणि त्याचं काळपट सांडपाणी जिवाणूंनाही सहज पचत नाही. शिवाय केस काढायला चुना आणि सल्फाइड दोन्हीकडे सहसा तेच, आणि घाणीचा मोठा वाटा तिथलाच. त्यामुळे नुसत्या ‘व्हेज’ शब्दावर भुलू नका.

एलडब्ल्यूजी हे टॅनरीचं ऑडिट आहे: पाणी, ऊर्जा, रसायनं, माल कुठून आला. ते बॅगेचं प्रमाणपत्र नव्हे. शिवणाऱ्या कारागिरांबद्दल त्यातून काही कळत नाही.

उसवण:
@ड्रमवाला, सांडपाण्याचं पटलं, पण पंधरा वर्षांचा फैसला शिवणीत होतो.

हाताच्या सॅडल टाक्यात एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. मशीनचा टाका वरच्या-खालच्या दोऱ्यांच्या गुंतवळीवर उभा. एक तुटला की ताण येईल तिथे उसवत जातो. मशीन वाईट असं नाही, मात्र पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी शिवण किंवा रिव्हेट हवीच.

मग कडी बघा. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव कडी (झॅमॅक) हुकाच्या मानेशी तुटते, कारण ती वाकत नाही, सरळ मोडते. पितळ झिजतं, पण तुटायला वेळ लागतो. चुंबक लावून दोन्ही ओळखू येत नाहीत, ते फक्त लोखंड पकडतं. तेव्हा धातू कोणता ते सरळ विचारा. कडी धरणारी चामड्याची पट्टी टाके उसवून काढता येते का, आणि अस्तर सोडवून चेन बदलता येते का, हेही. घडी चिकटवून वर जाड एज पेंट (कापलेल्या कडेवरचा रंग) फासला असेल तर कारागीर हात जोडतो.

एज पेंट पट्टा वळतो तिथेच आधी तडकतो, पण घासून पुन्हा थर देता येतात. ‘बाँडेड लेदर’ मात्र घेऊच नका, तो चामड्याचा चुरा आणि चिकटद्रव्य असतं.

ओलावा:
‘व्हेगन’बद्दल: निवडुंग असो की अननसाचं पान, टिकाव बहुतेक वेळा पीयूच्या (पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या) लेपावर अवलंबून. हवेतल्या ओलाव्याने पॉलिएस्टर जातीचं पीयू हळूहळू तुटतं, बॅग कपाटात पडून असली तरी. आधी चिकट होतं, मग सालपटं निघतात. पॉलिकार्बोनेट जातीचं बरंच जास्त तग धरतं. म्हणून दोनच प्रश्न: वनस्पतीचा भाग किती टक्के, आणि पीयू कोणत्या जातीचं? उत्तर आलं नाही तर पंधरा वर्षांची आशा सोडा. चामड्याला रंग-तेल देता येतं, सोललेल्या लेपाला काही करता येत नाही.

ड्रमवाला:
जाळण्याचं खरं आहे. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला आणि टीका झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ही प्रथा बंद करत असल्याचं जाहीर केलं. सवलतीत विकला तर ब्रँडचा तोरा उतरतो, हे त्यामागचं गणित. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेले कपडे वगैरे नष्ट करायला बंदी घातली, अंमल जानेवारी २०२२ पासून.

चामडं वाया जाण्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. डास-गोचिडीच्या खुणा, शिरा, जुने ओरखडे दिसले की तो भाग कापताना बाजूला पडतो. अशी खूण चालवून घेतलीत तर त्याच कातड्यातून जास्त तुकडे निघतात, आणि मजबुतीला काही होत नाही.

कोरा_कागद:
धन्यवाद! मग व्हेज टॅन घेतली तर पावसात काय?

उसवण:
डाग पडणारच. एकाच जागी थेंब पडले तर फिक्या रंगावर कडा उठते. ओल्या फडक्याने तो सगळा तुकडा एकसारखा ओलावून सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको, चामडं आकसून कडक होतं. वाळल्यावर अगदी थोडं क्रीम. ठेवताना आत कोरा कागद भरून सुती पिशवीत. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.