मदत हवी आहे: डॉसबॉक्समध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळताना उडी उशिरा पडते

नमस्कार. जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाची १९९० सालची डॉस (विंडोजपूर्वीची कार्यप्रणाली) आवृत्ती मी गेली अनेक वर्षे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जपून नेत आलो आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालत नसल्यामुळे सध्या मी ती डॉसबॉक्स ०.७४-३ मध्ये, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतो. खेळ सुरू होतो, आवाज नीट येतो, चित्रही स्वच्छ दिसते. अडचण फक्त उडीची आहे.

राजपुत्र धावत कड्याकडे येतो, मी पूर्वीच्याच अंदाजाने वरचा बाण दाबतो, आणि तो एक पाऊल जास्त टाकून थेट खालच्या सुळ्यांवर जाऊन पडतो. जुन्या संगणकावर, जाडजूड मॉनिटर आणि तारेचा कीबोर्ड असताना, हीच उडी डोळे मिटूनही साधत असे.

पहिला संशय सायकल्सवर, म्हणजे डॉसबॉक्स नक्कल करत असलेल्या प्रोसेसरच्या वेगावर गेला. कंट्रोल आणि एफ१२ दाबून त्या ३००० पासून बऱ्याच वर नेल्या, पण काहीच फरक पडला नाही, आणि तो पडायलाही नको होता, कारण या खेळाचा वेग प्रोसेसरवर नव्हे तर टायमरवर चालतो: एरवी सेकंदाला १२ चौकटी (फ्रेम), तलवारबाजीत १०. म्हणजे एक चौकट साधारण ८३ मिलिसेकंदांची झाली. कीबोर्ड, डॉसबॉक्स आणि पडदा यांचा विलंब मिळून ५०-६० मिलिसेकंद भरला, तरी पुष्कळदा माझा बाण पुढच्या चौकटीत जाऊन पडणार, आणि कड्यावर एका चौकटीची चूकही जीवघेणी ठरते.

हा तर्क तपासण्यासाठी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रीकरण केले. खेळात मोजून उपयोग नव्हता, कारण त्याच्या स्वतःच्या चौकटीमुळेच आकडा दर वेळी बदलतो. म्हणून डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर एक अक्षर टाइप करून बोट खाली टेकल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या चौकटी मोजल्या. त्या १८ ते २२ भरल्या. तेच अक्षर नोटपॅडमध्ये ११-१२ चौकटींत उमटले. कीबोर्ड तारेचाच होता आणि पडद्याचा गेम मोड चालू होता, त्यामुळे उरलेला विलंब डॉसबॉक्सच्या चित्र दाखवण्याच्या पद्धतीत असावा, असे मला वाटते. आउटपुट म्हणून सरफेस, डीड्रॉ आणि ओपनजीएल हे तिन्ही पर्याय वापरून पाहिले. ओपनजीएलवर थोडा फरक जाणवला, पण पुरेसा नाही.

ॲस्पेक्टचा (चित्राची रुंदी-उंची प्रमाणात ठेवण्याचा) पर्याय मात्र मला बंद करायचा नाही. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असले तरी ते ४:३ च्या पडद्यासाठी काढलेले आहे आणि तो पर्याय नसेल तर राजपुत्र बुटका दिसतो. (तलवारबाजीत वार करताना शिफ्ट पाच वेळा दाबला गेला की विंडोजची स्टिकी कीजची खिडकी मध्येच उघडते. कोणाला हा त्रास होत असेल तर सेटिंग्जमध्ये तो शॉर्टकट आधी बंद करून टाकावा.)

एसडीएलपॉप हा पर्याय मला माहीत आहे. तो म्हणजे डॉस आवृत्तीचा प्रोग्रॅम उलगडून आजच्या संगणकांसाठी नव्याने बांधलेला हाच खेळ आहे, आणि खरोखर प्रेमाने केलेले काम आहे. २०१२ मध्ये मेकनर यांनी खुला केलेला मूळ कोड ॲपल टू या जुन्या संगणकाचा असल्याने माझ्या कामाचा नाही. मला तोच जुना प्रोग्रॅम चालवायचा आहे, कारण माझी तिसऱ्या पातळीपासूनची सेव्ह त्याच्यासोबतच्या फाइलमध्ये आहे आणि हाताची सवयही त्याच्याशीच जुळलेली आहे.

तर जाणकारांना विचारायचे आहे ते असे. डॉसबॉक्स स्टेजिंग किंवा डॉसबॉक्स-एक्स या डॉसबॉक्सवरूनच केलेल्या वेगळ्या आवृत्त्या वापरल्याने हा विलंब खरोखर कमी होतो का, आणि कोणी तो मोजून पाहिला आहे का? व्हीसिंक (चित्र पडद्याच्या ताजेपणाच्या गतीशी जुळवणे) बंद केला तर पडदा फाटल्यासारखा दिसेल, पण एवढ्या कमी चौकटींच्या खेळात ते नजरेला जाणवते का? कॉन्फिग फाइलमधला रेंडर आणि एसडीएल हा भाग हवा असल्यास मी इथेच पूर्ण उतरवून देतो.