पाठ ठेवता, बोकड विकता

पूनम (पुणे): काकू, स्टेटसवरची बकरीची पिल्लं किती गोड! पण पाठ, म्हणजे मादी पिल्लू, ठेवणार आणि बोकड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटणासाठी देणार म्हणे? आपणच जन्माला घालायचं, आपणच कापायला द्यायचं. मला नाही पटत.

सचिनदादा (नागपूर): झालं सुरू.

काकू: राग नाही येत मले, पण आईक. बकरी पाच महिन्यात जनते. दोन पिल्लं, कधी तीन. निम्मे बोकडच निघतात, ते काही माया हातात नाही. वीस-पंचवीस बकऱ्याईले एक बोकड पुरते. बाकीचे ठेवले तं दिवसभर टकरा, गाभण बकरीलेही सुखानं चरू देत नाही, आन वयात आले का बहिणीवरच जाते. उन्हाळ्यात तुरीचं कुटार बकऱ्याईलेच पुरत नाही, रिकाम्या बोकडाईले कुठून घालू?

पूनम: म्हणून तर मी मटण खात नाही.

काका: चहा पितेस ना? आपल्या जर्सी गाईले औंदा गोऱ्हा झाला. त्याले वशिंड नाही, मानेवर जू बसत नाही, आन नांगरटी ट्रॅक्टरच करते. २०१५ पासून गोऱ्हे-बैलही कापाले बंदी, बाजारात गिऱ्हाईक नाही. मंग लोकं रात्री दुसऱ्याच्या शिवारात नेऊन सोडतात. आपल्या तुरीत घुसतात ते कुठून येतात वाटलं तुले?

आत्या (आर्वी): सोडतात ते बरे म्हणा. काही घरी गोऱ्ह्याले पान्हा सुटेस्तोवर दोन चोखे, की ओढून खुंट्याले. हगवण लागते आन जाते बिचारं. कोणी सुरी नाही लावली म्हणून पाप नाही का?

सचिनदादा: अंड्याचंही तेच. अंड्याच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात, मांसासाठी वाढवणं परवडत नाही. जर्मनीत २०२२ पासून बंदी आहे.

पूनम: मग गोऱ्हा जन्मूच नये असं काही नाही का?

काका: आहे. कारवडच व्हावी असं निवडलेलं वीर्य भेटते आता रेतनाले, शंभरात नव्वदच्या आसपास कारवडीच. पुढच्या खेपेले तेच भरवतो.

पूनम: तरी बोकड कापणं बरोबर ठरत नाही, काका.

काकू: बरोबर आहे म्हून कुठं म्हटलं मी? पण माया बोकड आईचं पोटभर दूध पिते, रानात हुंदडते. गोऱ्ह्याले तेही भेटत नाही. विकते तवा कशासाठी विकून राह्यली ते मले माहीत असते. व्यापारी नेते त्या दिवशी उपास धरते, असं नाटक नाही करत. जेवते.

सचिनदादा: करीला दोन किलो माझे धरा. पूनमला पनीर.

आत्या: पनीर दुधाचंच ना रे?

पूनम: बरं, आलू-वांगं करा. बिनातुपाचं.