अम्मी ४८ सालाबद्दल एक शब्द बोलत नाही, विचारू की नको?

जुनी_सोलापूरकर:
मी सोलापूरचीच, वय ५४. अम्मीचं माहेर नळदुर्गच्या पलीकडं एका खेड्यात, १९४८ नंतर तिथं आमचं कुणी राहिलं नाही एवढंच माहितीय. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी (निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताची फौज शिरली तेव्हा) ती सहा-सात वर्षांची, नाना म्हणजे अम्मीचे वडील आणि दोन मामू गेले, कसे ते नाही माहीत. आयुष्यभर विड्या वळल्या, गप्पिष्ट बाई आहे हो, शेजारच्या पद्मशाली काकूंशी तासन्‌तास बोलते, पण माहेरचा विषय निघाला की उठून चहा ठेवते. विहिरीजवळ आम्हाला कधी जाऊ दिलं नाही, मिरवणुकीचा गलका जवळ आला की आतल्या खोलीत जाऊन कडी लावते, आणि उशाखाली कायम कापडी पिशवी, त्यात रेशन कार्ड, थोडे पैसे, चांदीच्या साखळ्या. गंमत म्हणजे (गंमत कसली) तशीच पिशवी माझ्या पण कपाटात आहे, मला कुणी ठेव म्हणलं नव्हतं. परवा लेकीनं विचारलं, मम्मी आपण कुठं पळून जाणार आहोत का. काय सांगावं कळेना. अम्मीला विचारू का?

कट्ट्यावरचा_बाळ्या:
विचारा की मग, वाट कसली बघताय, मोबाईलवर गुपचूप रेकॉर्ड करा. पण दोन्हीकडं झालंय हे पण लिहा, रझाकारांनी, निजामाच्या बाजूच्या त्या हत्यारबंद टोळ्यांनी, काय कमी केलं का.

बार्शी_लाईट:
बाळ्या, ताईंनी हिशोब मांडायला धागा काढलेला नाही. रझाकारांचे अत्याचार खरेच, नंतरचं पण खरं. १३ सप्टेंबरला मुख्य फौज आपल्या सोलापुरातूनच नळदुर्गकडं निघाली, पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि मग गावोगावी मुसलमानांच्या कत्तली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिलाय, सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडला. तो रिपोर्ट कित्येक दशकं बाहेरच आला नाही. सरकारच गप्प, मग अम्मींनी बोलायचं कुणाजवळ?

अक्कलकोट_रोड:
माझे आजोबा रझाकारांच्या भीतीनं घरदार टाकून सोलापूरला आलेले. आमच्याकडं दर १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाच्या बातम्या लागल्या की ती गोष्ट मोठ्यानं सांगितली जायची, पण सांगायचे सगळे पुरुष, आजी आत भाकरी थापत बसायची. तिच्या धाकट्या बहिणीचं काय झालं हे आजी गेल्यावर चुलत्याच्या तोंडून अर्धवट कळलं, पुढचं त्याला पण माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं देव जाणे. म्हणजे आमचा दिवस साजरा होतो तरी घरातल्या बायका गप्पच. ताई तुम्हाला तर दिवस पण नाही.

मीनाक्षी_सात_रस्ता:
मी समुपदेशन करते. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांचे गट अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाले, त्यांचं पण हेच, घरात कुणी बोललं नाही तरी भीती सवयींतून आली. मारियान हर्श या अभ्यासक बाईंनी याला पोस्टमेमरी नाव दिलं, त्या स्वतः नाझींच्या काळातल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या आईबापांची लेक. (ही भीती जीन्समधून येते वाला फॉरवर्ड कृपया टाकू नका, २०१५ चा तो अभ्यास फार थोड्या लोकांवर झालाय.) रवांडात १९९४ च्या नरसंहारात बलात्कारातून जन्मलेली मुलं आहेत, कितीतरी आयांनी बाप कोण हे वर्षानुवर्षं सांगितलं नाही.
थेट 'काय झालं' नका विचारू. त्याच्या आधीचं विचारा, घर कसं होतं, कुणासोबत खेळायची, ईदला काय व्हायचं. थांबली तर थांबू द्या. चोरून रेकॉर्डिंग तर अजिबात नको. लेकीला मात्र पिशवी का आहे ते आजच सांगा, नाहीतर तिची पण तयार होईल.

जुनी_सोलापूरकर:
मीनाक्षीताई, लेकीला रात्री सांगितलं, जेवढं मला माहितीय तेवढं. ती म्हणाली मग नानीला मीच विचारते, मी म्हणलं थांब जरा, आधी खाला आहे ना, अम्मीची धाकटी, तिच्याकडं जाऊ. अक्कलकोट रोड, तुमच्या आजीच्या बहिणीचं वाचून हात थांबला हो. आणि बार्शी लाईट, तो सुंदरलाल रिपोर्ट मराठीत कुठं मिळेल का, माझं इंग्रजी जेमतेम आहे.