पेपरातल्या जाहिरातीत हळदीचा पिवळा मळकट का येतो?

प्रश्न (गणपती पेठ, सांगली): दसऱ्यासाठी १२ × १६ सेंमी रंगीत जाहिरात द्यायचीय. मागच्या वेळी पिवळा शेवाळी छापला आणि पत्ता वाचताच येईना. डिझायनर म्हणतो, स्क्रीनवर बरोबर होतं.

उत्तर १: स्क्रीनचं सोडा. फाइल आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) असणार; सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत: सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो म्हणजे पिवळी, ब्लॅक म्हणजे काळी) बदलताना पिवळ्यात सायन शिरला की हिरवट झाक येते. सायन ०, मॅजेंटा २०-२५, यलो १००, ब्लॅक ० टक्के ठेवा. न्यूजप्रिंट, म्हणजे पेपरचा कागद, शाई शोषतं, ठिपके पसरतात, म्हणून फोटो थोडा उजळ करा. चारही रंगांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत हवी. फोटो छापायच्या मापात २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके). व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून आलेला चालणार नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

उत्तर २: पत्ता रंगीत पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत होता ना? एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरं बुजतात, आणि मराठीत आधी अनुस्वार नि रफार जातात. हलक्या पार्श्वभूमीवर फक्त ब्लॅक १००, किमान १० पॉइंट, जाड वळणाचा फॉन्ट. श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) असेल तर अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलूनच, पीडीएफ द्या, नाहीतर प्रेसमध्ये जोडाक्षरं फुटतात.

उत्तर ३: मजकुराचंही बघा. वर दुकानाचं नाव आणि देवाचा फोटो, भाव कोपऱ्यात, हे सगळेच करतात! मथळ्यातच ‘राजापुरी हळद’ आणि किलोचा भाव टाका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. माल तोच असेल तर एक ओळ तेवढी पुरे. चौकटीच्या आत ५ मिमी कोरी जागा सोडा, शेजारची जाहिरात अंगावर येते.

प्रश्नकर्ता: पट्टी होती, निळी.

उत्तर २: मग झालंच! काढा ती.