ग्रीलिश, डोकू आणि कल्पकतेची जागा

आजच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी खेळाडूंमधली कल्पकता मारून टाकली, असे एक मत मांडले जाते; त्याला पुष्टी म्हणून इंग्लंडच्या जॅक ग्रीलिशचे उदाहरण दिले जाते आणि ते बरेचसे पटणारे आहे. अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबकडून खेळताना मोजे घोट्यापर्यंत उतरवून, तीन-तीन बचावपटूंना अंगावर घेत मैदानभर फिरणारा हा खेळाडू २०२१ मध्ये १० कोटी पौंडांना मँचेस्टर सिटी क्लबमध्ये आला आणि डाव्या सीमारेषेला जणू खिळला. चेंडू पायाखाली थांबवायचा, समोरचा बचावपटू जवळ येईपर्यंत वाट पाहायची आणि तो आला की चेंडू निमूटपणे मागे द्यायचा, हेच त्याचे काम होऊन बसले. २०२३ मध्ये संघाने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या हे खरे. पण पैसे मोजून तिकीट काढणाऱ्याने त्या मागे दिलेल्या पासला टाळ्या का वाजवाव्यात?

तरीही सगळा दोष सिटीचा तेव्हाचा प्रशिक्षक ग्वार्डिओला याच्या पद्धतीच्या माथी मारणे मला घाईचे वाटते. २०२३ मध्येच सिटीत आलेला जेरेमी डोकू त्याच डाव्या बाजूला, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, बचावपटूला एकटा भिडत होता आणि नोव्हेंबरमध्ये बोर्नमथविरुद्धच्या ६-१ अशा विजयात त्याने एक गोल केला व चार गोलांना साहाय्य केले. बाकीचे खेळाडू ठरल्या जागी उभे राहिल्यामुळेच त्याला समोर एकच प्रतिस्पर्धी मिळत होता, म्हणजे कल्पकतेला जागा आहे, पण ती मैदानाच्या एका कोपऱ्यात आखून दिलेली आहे. व्हिलातल्या ग्रीलिशसारखी मनाला येईल तिथे भटकण्याची मुभा मात्र त्यात बसत नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.